व्होल्गावर बोट सुटली, बायको काठावर

रशियाला का गेलात, असं लोक विचारतात तेव्हा मी इतिहास, संस्कृती वगैरे बोलतो. खरं कारण वेगळं होतं. रियाधच्या एका बँकेत मी आयटी सांभाळतो. बँकेने पाच वर्षांचं नवं काँट्रॅक्ट पुढे ठेवलं होतं आणि त्याला मेधाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, होकार हवा होता. मेधा दोन महिने नुसतं "बघू" म्हणत होती. पुण्यात स्वतःच्या स्कूटीवरून बँकेत नोकरीला जाणारी ही बाई आठ वर्षं माझ्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, 'हाउसवाइफ' म्हणून रियाधच्या फ्लॅटमध्ये बसली होती. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कोथिंबीर आणायची तरी मी ऑफिसातून यायची वाट बघायची. तिला खूश करायचे बाकीचे उपाय संपले होते. सोन्याची चेन झाली होती, दुबई दोनदा झाली होती. म्हटलं, आता क्रूझ.

समुद्रावरची क्रूझ आपल्या ऐपतीबाहेरची. नदीवरची, सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को, तिच्या निम्म्यात बसत होती. बथ्थ्यात, रियाधच्या जुन्या बाजारात, तिकिटांचं दुकान चालवणारे दापोलीचे महमूदभाई म्हणाले, साहेब, तिकडे जून-जुलैत सूर्य मावळायला विसरतो, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या आणि डासांचं मलम न्या. दोन्ही सल्ले सोन्याच्या मोलाचे निघाले. तिसरा सल्ला त्यांनी तिकिटं हातात देताना दिला.

"वहिनींचे कागद वहिनींजवळ द्या हां साहेब. तिकडे ज्याचे त्याने सांभाळायचे."

मी हसून मान डोलावली. आमचे पासपोर्ट बाराही महिने ऑफिसच्या तिजोरीत असतात. एक्झिट-रीएंट्रीचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा, शिक्का मारून सुटून आले की दोन्ही माझ्या कमरेच्या पाउचमध्ये जातात, आणि ते थेट परत आल्यावरच बाहेर निघतात. कोणत्याही काउंटरवर मी दोन्ही एकदम सरकवतो, बाई मागे उभी राहते, खलास. आठ वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

तर मुलीला, रेवाला, सुट्टीत साताऱ्याला आजोळी पाठवून आम्ही रियाधहून निघालो. विमान सुटताच मेधाने अबाया, रियाधमध्ये घालावा लागणारा काळा झगा, काढून घडी केली आणि बॅगेच्या तळाशी कोंबली. दुबईमार्गे मॉस्को, तिथून रेल्वेने पीटर्सबर्ग. तिथल्या राजवाड्यात तीन तास भिंतींवरचं सोनं बघितलं. मेधाचं म्हणणं पडलं की बथ्थ्याच्या सोनारगल्लीत एवढंच सोनं फुकट बघायला मिळतं आणि वर चहा मिळतो. मला वाटलं, मूड चांगला आहे, काँट्रॅक्टचा विषय काढावा. पण नाही काढला.

बोट चार मजली, झोकदार. केबिन मात्र एवढीच की एकाने शर्ट घालायचा तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. बोटीवरचा महत्त्वाचा नियम असा: प्रत्येकाला नंबराचं एक कार्ड. किनाऱ्यावर उतरताना ते घेऊन जायचं, परतल्यावर रिसेप्शनला जमा करायचं. सगळी कार्डं जमा झाली की सगळे आत, बोट सुटणार. पासपोर्ट नोंदणीसाठी बोटीनेच ठेवून घेतले. हे सगळं आमची गाइड ओल्गा हिने स्वच्छ इंग्रजीत दोनदा सांगितलं. मी दोन्ही कार्डं पाउचमध्ये ठेवली.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचक विचारणारच. शेपू. सूपवर शेपू, काकडीवर शेपू, उकडलेल्या बटाट्यावर शेपू. लहानपणी ज्या भाजीपायी मी आईशी अबोला धरायचो, ती इथे पैसे मोजून तीन वेळा. मी मेतकुटाची बरणी काढली आणि भातावर दिवस काढले. मेधा सगळं निमूट खात होती.

किझी बेटावर बावीस घुमटांचं लाकडी चर्च आहे. ते खरंच बघण्यासारखं आहे, तिथे मला खवचटपणा सुचला नाही. त्यानंतर गोरित्सी नावाच्या गावाजवळचा मठ. दारात एक आजीबाई येणाऱ्या बायकांना डोक्याला बांधायला रुमाल देत होत्या आणि पँटवर गुंडाळायला परकरासारखं काहीतरी. मेधाने रुमाल हातात घेतला आणि इतकी हसली की आजीबाई रागावल्या. मला म्हणाली, एवढे पैसे खर्चून आलो ते यासाठी का?

पाचव्या दिवशी यारोस्लाव्हल. सुंदर शहर, नदीकाठी फरसबंद रस्ता, लिंडनची झाडं. चर्च बघून झाल्यावर तासभर मोकळा होता, बोट एकला सुटणार होती. माझे पाय बोलायला लागले होते. मेधाला बाजार बघायचा होता. मी सवयीने घड्याळ बघून म्हटलं, नमाजला दुकानं बंद होतील. ती म्हणाली, इथे होत नाहीत. मग म्हणाली, मी एकटी जाऊन येते. मी तिला पाचशे रुबल दिले आणि बोटीकडे निघालो. तिचा फोन रोमिंगचा खर्च नको म्हणून रियाधलाच ठेवला होता, ही माझीच हुशारी.

रिसेप्शनला मी पाउच उघडलं आणि दोन्ही कार्डं सरकवली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. हात आपोआप गेला. केबिनमध्ये जाऊन आडवा झालो.

जाग आली तेव्हा लाउडस्पीकरवर निरोपाची धून वाजत होती आणि खिडकीतून काठ मागे सरकत होता. मेधा डेकवर असेल म्हणून वर गेलो. नव्हती. जेवणघरात नव्हती. चारही मजले दोनदा पालथे घातले, मग रिसेप्शनला पळालो. तिथली बाई शांतपणे म्हणाली, तुमची दोन्ही कार्डं जमा आहेत, मॅडम बोटीवरच आहेत. तिने मला कार्ड दाखवलंसुद्धा.

ओल्गा आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "पण तिचं कार्ड तुम्ही का दिलंत?"

रियाधमध्ये हा प्रश्न मला कोणी विचारला नसता. बोट मागे फिरत नव्हती, पुढचा थांबा उग्लिच, उद्या सकाळी. अनोळखी शहरात बायको, जवळ पासपोर्ट नाही, फोन नाही, भाषा नाही, आणि हे सगळं माझ्या कृपेने.

ओल्गाने यारोस्लाव्हलच्या गाइडबाईला फोन लावला. तासाभराने उत्तर आलं, मेधा धक्क्यावरच सापडली होती. ओल्गाने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. मी रडवेल्या आवाजात सांगायला लागलो की तिथेच थांब, हलू नकोस, मी कोणाला तरी गाडी घेऊन पाठवतो.

"गाडी नको पाठवूस," मेधा म्हणाली. "उग्लिचची बस आहे, मी विचारलंय. मी येते."

गाइडबाईची बहीण उग्लिचलाच राहायची, मुक्काम तिच्याकडे ठरला होता. हे ठरवताना मला कोणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. सूर्यही मावळायला तयार नव्हता.

उग्लिचला एक ऐतिहासिक घंटा आहे. राजपुत्र मेल्यावर तिने वाजून गाव गोळा केलं, म्हणून तिला फटके मारले, तिची जीभ काढली आणि सायबेरियात हद्दपार केली. तीनशे वर्षांनी परत आणली. ही माहिती पुस्तिकेतली आहे, कारण मी ती घंटा बघितलीच नाही. मी पुढे घुसून सगळ्यांच्या आधी उतरलो. धक्क्यावर घड्याळं विकणाऱ्या बायकांच्या रांगेत मेधा उभी होती, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा, केस वाऱ्यावर, चेहरा उन्हाने लाल. मी तिला मिठी मारली. भर रस्त्यात, आठ वर्षांत पहिल्यांदा.

ती तीन तासांच्या बसबद्दल बोलत सुटली. शेजारच्या आजींनी तिला पाव भरवला, आत कोबी आणि शेपू. "छान होता," ती म्हणाली, "तुझ्यासाठी आणलाय." तिकीट स्वतः काढलं, खिडकीशी बसली, उतरायचं कुठे ते स्वतः विचारलं. ती इतकी खुशीत होती की मी केलेलं भाषण, तीनदा माफी असलेलं, खिशातच राहिलं. बोटीपाशी आल्यावर तिने माझ्यापुढे हात केला. मी पाउच उघडून कार्ड दिलं. मॉस्कोला पासपोर्ट परत मिळाले तेव्हा तिने पुन्हा हात केला.

रियाधच्या विमानात तिने बॅगेच्या तळातून अबाया काढली. घरी पोचल्यावर मी काँट्रॅक्ट टेबलावर ठेवलं.

"तू सही कर," मेधा म्हणाली. "रेवाची मार्चची परीक्षा झाली की आम्ही दोघी पुण्याला जातो. मी नोकरी करणार आहे."

मी एक वर्षाचीच सही केली. जास्तीची हिंमत नव्हती. मार्चमध्ये दोघींच्या फायनल एक्झिटच्या, म्हणजे कायमचा देश सोडण्याच्या, फॉर्मवर सही माझीच लागत होती. तो फॉर्म तिने स्वतः भरला, माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. महमूदभाईंनी दोघींची तिकिटं काढली. दोघींचे पासपोर्ट माझ्या बँकेच्या तिजोरीतून आले ते मी पाउचमध्ये न ठेवता तिच्या हातात दिले.

तर, जाणार असाल तर जूनमध्ये जा, मलम न्या, पट्टी न्या, आणि बोटीवर आपापलं कार्ड आपण जमा करा. मला तिची फार आठवण येते. असलं प्रवासवर्णनात लिहीत नाहीत म्हणे, पण ब्लॉग माझा आहे. काल बथ्थ्याच्या बाजारातून शेपूची जुडी आणली. करायची कशी ते विचारायला दुपारी पुण्याला फोन लावला. मेधा ऑफिसात होती. म्हणाली, समोर माणसं बसलीयत, संध्याकाळी सांगते.