आवाज बंद ठेवून शिकलेली गाडी

माझी वहिनी कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासते. बावीस वर्षं झाली. सदरा हातात आला की ती आधी तो उलटा करते आणि मग शिवण बघते. सुलटी बाजू कुणालाही छान करता येते, असं तिचं मत आहे आणि ते ती माणसांनाही लावते. मी तिची नणंद. ती लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर तिने मलाही असंच उलटंसुलटं करून पाहिलं. पसंत पडले की नाही, ते अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी कारखाना शहराबाहेर हलवायचं ठरलं. पहिली पाळी सहाची आणि तिकडे जाणारी पहिली बस सातची. एक तारखेपासून जो स्वतःची सोय करून वेळेवर पोचेल त्याचीच जागा राहील, अशी नोटीस फाटकावर लागली. घरात मोटरसायकल होती. ती चालवणारा माझा दादाही होता, पण दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. समोर उभं राहिलेलं माणूस त्याला पुसट दिसतं, चेहरा दिसत नाही. घर वहिनीच्या पगारावर चालत होतं. नोटीस वाचून ती घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "मी गाडी शिकते."

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी?" दादाने विचारलं.

"मग काय, एकोणपन्नास लागायची वाट बघू?"

दोन दिवस दादाने तोंडी शिकवलं. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणे या विषयावर मी जास्त बोलत नाही. तिसऱ्या दिवशी दोघांत जेवायला वाढ आणि दिवा लाव एवढंच बोलणं उरलं होतं. मग वहिनीने फोनवर व्हिडिओ शोधायला सुरुवात केली.

नवशिक्यांना मोटरसायकल शिकवणारे फोनमध्ये इतके आहेत की चालवणारे कमी असावेत. वहिनीने सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिलेला एक गुरू धरला. चेहरा गोरागोमटा, बोलणं मधाळ. हळू वळताना पुढचा ब्रेक हलकेच दाबा, गाडी तुमच्या मुठीत येईल, असं त्याने सांगितलं. वहिनीने शेजारच्या मोकळ्या मैदानात हँडल वळवून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडीसकट आडवी झाली. गुडघा सोलवटला. हळद लावून घेताना तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी आपली म्हणून गेले, "वहिनी, राहू दे हे." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हळदीची वाटी घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने तोच व्हिडिओ आवाज बंद करून लावला. कारखान्यात तीनशे यंत्रं एकदम चालतात, तिथे कुणाचं काही ऐकू येत नाही. नवीन बाई काम शिकते ती जुनीच्या हातांकडे बघून. वहिनीने गुरूचे हातपाय पाहिले. "हा बघा वन्सं, तोंडाने पुढचा सांगतोय आणि पायाने मागचा दाबतोय. ह्याला स्वतःलाच माहीत नाही तो काय करतो ते."

मग रोज पाळी संपली की फोन, कागद, पेन्सिल आणि मुका व्हिडिओ. एकाने सुरुवात चपलेवर केली होती आणि शेवट बुटांवर. म्हणजे मधलं पडणं कापून टाकलं, वहिनी म्हणाली, आणि काट मारली. एकाच्या हेल्मेटचा पट्टा लोंबत होता, काट. एक बाई बरी शिकवत होती, पण हात दाखवायची वेळ आली की कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. काट. चाळीसेक निकालात काढल्यावर एक म्हातारबुवा शिल्लक राहिले. धुळीचं मैदान, हलणारं चित्र, पाहणारे मोजके. पण बुवा अकरा मिनिटं कॅमेरा डाव्या हातावरून हलवत नव्हते, आणि दोनदा त्यांची गाडी बंद पडली तर तेही तसंच ठेवलं होतं. "हा माणूस चूक लपवत नाही," वहिनी म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

बुवांची बोटं क्लचवरून किती सुटतात, ते तिने पट्टी लावून मापलं. अगदी तेवढीच सोडायला लागली. आणि गाडी दर वेळी धक्का देऊन बंद. आठ दिवस हेच. परवान्याच्या परीक्षेला पाच दिवस उरले. नापास झाली तर पुढची तारीख महिनाभराने, म्हणजे नोकरी गेलीच.

दादा मैदानाच्या कट्ट्यावर बसून हे ऐकत असे. त्या दिवशी त्याला राहवलं नाही. "बंद पडायच्या आधी इंजिनचा आवाज बसतो. तेव्हाच हात थांबव. तुझं लक्ष कुठे असतं?"

"बोटांवर. तुमच्यापेक्षा चांगला शिकवणारा आहे माझ्याकडे."

"मग लाव तो. मला ऐकू दे."

तिने फोन पुढे केला आणि पहिल्यांदाच आवाज चालू केला. म्हातारबुवांचं पहिलं वाक्य होतं, "माझ्या बोटांकडे बघून मापं काढू नका, प्रत्येक गाडीचा क्लच वेगळा. इंजिन ऐका." वहिनीने हा व्हिडिओ तीस वेळा तरी पाहिला होता. मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. दादाने तेही केलं नाही, तो सरळ हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. वहिनी आधी चिडली आणि मग स्वतःच त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसली.

पुढचे चार दिवस ती गाडीवर आणि तो कट्ट्यावर. "सोड. अजून. थांब, बसला आवाज." आणखी दोन व्हिडिओ त्यांनी मिळून निवडले, हात तिने पाहिले आणि इंजिन त्याने ऐकलं. एकावर नुसतं संगीत होतं, तर दादा म्हणाला, "हा काहीतरी झाकतोय," आणि काट त्याने मारली. मी खरं सांगते, दोन वर्षं मी माझ्या भावाला निकामी धरून चालले होते. त्याला कापलेलं फळ हातात नेऊन द्यायचे आणि स्वतःला फार मायाळू समजायचे. मला माझीच लाज वाटली.

परीक्षेच्या मैदानावर दोन खांबांभोवती पाय न टेकता तीन वळसे घालायचे होते. आम्ही दोघं कठड्याशी उभे. वहिनीने दोन वळसे सुरेख घातले. तिसऱ्यात इंजिन घरघरलं. दादाने कठडा घट्ट धरला. "क्लच," तो पुटपुटला. तिने दाबला असावा, कारण आवाज पुन्हा सरळ झाला.

"पाय टेकला का गं?" त्याने मला विचारलं.

"नाही."

परीक्षक कडक माणूस होता. कागदावर सही करताना त्याने वहिनीला विचारलं, "हात चांगला बसलाय. कुठे शिकलात?"

वहिनीने हेल्मेट काढलं आणि कठड्याकडे बोट दाखवलं. "ते माझे सर."

परीक्षकाने दादाच्या हातातली पांढरी काठी पाहिली आणि परत तिच्याकडे पाहिलं. दादाला ती बोट दाखवतेय हे दिसलं नव्हतं, पण शब्द ऐकू गेले होते. त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभा राहिला.