आईने तलावात सोडलेले मांगूर

तडफडणारा मासा आईला बघवत नसे. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरात जन्मून, ढिवराच्याच घरात नांदून हा स्वभाव कुठून आला, म्हणून वडील तिला चिडवत. ती म्हणायची, "जाळ्यात आला तो आपला. डबक्यात अडकला तो तलावाचा."

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडे. पावसाळ्यात तलावातले मासे वाहत्या पाण्याला लागून धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, चढतात. दिवाळीच्या सुमारास कापणीसाठी बांध्यांतलं पाणी सोडून देतात, तेव्हा ते खोलगट कोपऱ्यात अडकून बसतात. आई मोहल्ल्यातल्या बायांना घेऊन निघायची आणि घमेली भरभरून ते मासे परत तलावात सोडायची. ही आमच्याकडची रीतच होती.

२००८ च्या आसपासची गोष्ट. त्या दिवाळीत डबक्यांत वीतभर मांगूर, ते मिशीवाले मासे, फार निघाले. आई हरखून गेली. गावठी मांगूर इतका कमी झाला होता की बाळंतिणीसाठीसुद्धा मिळत नसे. "एकबी खायाचा नाही, वाढू द्या," असं बजावून तिने सगळे तलावात सोडले.

उन्हाळ्यात आमच्या जाळ्यात कोपरापर्यंतच्या हाताएवढा मांगूर आला. गोंदियाला मासे नेणारा व्यापारी त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ये तो थाई मांगूर है. इसपे बंदी है. तालाब में कहाँ से आया?" मासा तिथेच चिरला, तर पोटात मरळीची बोटभर पिल्लं.

कुठून आला ते मला तेव्हा उमगलं. वरच्या अंगाला एकाने शेतात खड्डे खणून मासे पोसले होते, कोंबडीच्या दुकानातली घाण खाऊ घालून. पावसात त्या खड्ड्यांचे बांध फुटले होते. त्याने गावात चकार शब्द काढला नव्हता, आणि आमची माउली ते पाहुणे घमेल्यात बसवून पोहोचवून आली होती. मला हसूही येईना. आमची चूल मरळीवर चालायची. मरळच संपली तर तलावात उरणार काय?

"मायले सांगू नको," वडील एवढंच म्हणाले. "झोप नाही लागणार तिले."

झोप माझी उडाली. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्यावर लाल थवा करून फिरतात आणि खाली नर-मादी राखण करतात. त्या जोडीवर आमच्याकडे कुणी गळ टाकत नाही. त्या वर्षी तो थवा शोधत मी रोज सकाळी तलावाच्या पाळीवर जायचो. लांबून काही तांबूस दिसलं की जीव भांड्यात पडायचा. जवळ जावं तर कुजलेली पानं. आधी जाळं जड लागलं की आनंद व्हायचा, आता धस्स व्हायचं. ओढून काढावं तर बहुतेक तेच, मिशीवाले.

"काऊन रे, रोज पाळीवर कायले जाऊन राहिला?" आईने एकदा विचारलं.

"असाच," मी म्हणालो.

पण घरात मासे चिरणारी तीच होती. एकेका मांगुराच्या पोटातून काय निघतं ते ती बघत होती. एके दिवशी तिने विळीवरून मान वर केली आणि विचारलं, "हे मीच सोडले ना?" मग तिने पुढचा मासा विळीला लावला. मला वाटलं होतं, रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी आली, बांध्यांतलं पाणी सोडलं. बाया बोलवायला आल्या, तशी आईही निघाली. कोपऱ्यातल्या डबक्यात मांगूरच मांगूर, एकमेकांवर चढून चिखल घुसळत होते. तिने एक उचलला, उलटासुलटा केला, माझ्यासमोर धरला.

"हा आपला होय का तो?"

मासा एवढा लहान असताना मला ते ओळखू येत नव्हतं. तिलाही येत नव्हतं. त्यात दोन-चार तरी आपले असतील, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने तो हळूच परत चिखलात ठेवला आणि पदराला हात पुसले. "चला वो," ती बायांना म्हणाली, "राहू द्या सगळेच."

डबकं पुरतं आटेपर्यंत आई त्या बाजूच्या शेताकडे फिरकली नाही.