मामांचा धंदा वाढला

माझ्या मामांच्या हातून जेवढे नारळ वाढले, तेवढे आमच्या भागातल्या एखाद्या देवळातही वाढले नसतील. फुटले म्हणत नाही, कारण आमच्या घरात नारळ फोडत नसत, वाढवत असत. काचेची बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायची, मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं म्हणायचं. आई या बाबतीत फार कडक होती, आणि तिच्या धाकट्या भावाचा तर या शब्दावर जीवच होता. मुंबईतल्या कचेरीतली कायमची नोकरी सोडून त्यांनी डोंबिवलीत घरं बांधण्या-दुरुस्त करण्याचा धंदा काढला, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मामा मात्र आमच्या ओटीवर उभे राहून आईला सांगत होते, "ताई, तू बघच. दोन-चार वर्षांत धंदा कसा वाढवतो ते."

स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. भातखाचरांचे प्लॉट पडत होते, मुंबईत जागा मिळत नाही म्हणून नोकरदार मंडळी इकडे येऊन राहत होती, आणि सिमेंटचं परमिट हातात पडलं की लोक पेढे वाटत. कामाला तोटा नव्हता, आणि मामांचा घात त्यानेच केला. धंदा वाढवायचा म्हणजे नवीन काम घ्यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. "पुरं झालेलं काम म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक," हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला क्षणभर पटायचंदेखील. त्यामुळे ते मोठ्या हौसेने नारळ वाढवत, पाया खणत, भिंती गुडघ्याएवढ्या आणत आणि तेवढ्यात कल्याणला किंवा ठाण्याला दुसरा कोणी घरमालक भेटला की पिशवीतून दुसरा नारळ काढत. सगळ्या कामांवर माणसं तीच. त्यांचे मुख्य गवंडी मानपाड्याचे होते. रोज सकाळी ते काखेत थापी मारून मामांच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "शेट, आज कंच्या भितीवर जायाचा?" कोणता मालक जास्त चिडला आहे याचा अंदाज घेऊन मामा त्याचं नाव सांगत. मग त्या दिवशी त्या भिंतीवर विटांचा एखादा थर चढे आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा आशा वाटू लागे.

त्यांच्या कोटाच्या खिशात ओळंबा असायचा. कोणाकडेही गेले की चहा यायच्या आत ते भिंतीला ओळंबा लावून ती किती वाकडी आहे ते बघत. माझ्या लग्नाची बोलणी करायला आई-वडील त्यांना घेऊन कल्याणला गेले होते. मुलगा चांगला होता, मंडळी सालस होती, पत्रिका जुळली होती. मामांनी बैठकीतच उठून ओळंबा सोडला आणि म्हणाले, "घर बाहेरच्या अंगाला झुकलंय. पायातच खोट आहे." यजमानांचा चेहरा उतरला. आईने डोळे मोठे करून पाहिलं, पण मामांचं लक्ष दोरीकडे होतं. स्थळ अर्थातच मोडलं. पुढच्या आठवड्यात मात्र त्याच यजमानांनी मामांना बोलावणं पाठवलं आणि त्या घराच्या दुरुस्तीचा नारळ वाढला. आता माझं लग्न मोडून मिळालेलं काम तरी त्यांनी पुरं करावं की नाही? त्या लोकांची पुढची भिंत काढून ठेवली आणि मामा ठाण्याला दुसऱ्या कामाचा नारळ घेऊन गेले.

आमच्याकडे याहून वेगळं काही झालं नाही. आईला स्वयंपाकघर थोडं मोठं हवं होतं. मामांनी मागची भिंत एका दिवसात पाडली आणि तिथे तरट लावून दिलं. त्या तरटामागे आईने दोन पावसाळे काढले. शेजारची शेळी आत येऊन कणीक खाऊन जायची, वाऱ्याने स्टोव्ह विझायचा, आणि रस्त्याने जाणारा कोणीही "आज काय, वांगी का?" असं विचारायचा. वडिलांनी या विषयावर बोलणंच सोडून दिलं होतं. शेवटी भाऊबीजेला ओवाळताना आई म्हणाली, "मला ओवाळणी घालू नकोस. माझी भिंत तेवढी घाल." मामांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "उद्याच माणसं पाठवतो," ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांना ते खरंच वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवशी ठाण्याचं मोठं काम आलं, दोन मजली इमारतीचं. मामांनी सगळीकडची माणसं काढून तिकडे नेली आणि दारावर पाटी लावली. पाटीवर नावापुढे 'आणि कंपनी' असं होतं. कंपनीत मामी सोडून कोणीही नव्हतं. मामी म्हणजे साधीभोळी बाई. प्रत्येक नारळाच्या खोबऱ्याच्या वड्या करून त्या त्या मालकाच्या घरी प्रसाद म्हणून पाठवणं एवढंच तिचं काम होतं, आणि त्या वड्यांनीच सगळं बिंग फुटलं. कामं बंद पडली तसे मालक विचारायला येऊ लागले, आणि एका रविवारी कल्याणचे, ठाण्याचे, डोंबिवलीचे असे सगळे एकाच वेळी मामांच्या ओसरीवर जमले. कोणीच कोणाला ओळखत नव्हतं. मामीने चहाबरोबर वड्या ठेवल्या. एक तोंडात टाकून कल्याणचे यजमान म्हणाले, "ही वडी आमच्याकडेही आली होती." दुसरे म्हणाले, "आमच्याकडेही." ठाण्याच्या इमारतीचे मालक नुकतेच येऊन दारात उभे होते. त्यांच्या घरी आदल्याच आठवड्यात वड्या पोचल्या होत्या. ते वडी न घेता परत गेले.

नंतर भांडण वगैरे काही झालं नाही. एकेकाने आपलं काम काढून दुसऱ्याला दिलं. ठाण्याची इमारतही गेली. मानपाड्याचे गवंडी अधूनमधून येऊन दारात उभे राहत. एक दिवस ते म्हणाले, "शेट, मना दुसरीकरं काम गावलाय. जाव का?" मामांनी मान हलवली. गवंड्यांनी जाताना आपली एक जुनी थापी ओसरीवर ठेवली.

ती थापी घेऊन मामा एका सकाळी आमच्या मागच्या दारी आले आणि स्वतः भिंत घालायला बसले. धंद्याच्या साऱ्या वर्षांत त्यांनी एक वीटही रचली नव्हती. हातांना फोड आले, माल सांडला, थर वरखाली झाले. आई दिवसभर चहा देत होती. वडील कचेरीतून आले की कपडे बदलून विटा हातात द्यायचे. भिंत वर गेली. मामांनी सवयीने ओळंबा सोडला, बराच वेळ पाहिला आणि दोरी गुंडाळून खिशात ठेवली. भिंत आतल्या अंगाला झुकली होती, मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

आई घाईघाईने आत जाऊन नारळ घेऊन आली. त्यांच्या हातून पुरं झालेलं हे पहिलंच काम होतं. "घे, वाढव," ती म्हणाली.

मामा थापी धूत होते. मान वर न करता ते म्हणाले, "राहू दे ताई. वाढायचं होतं ते सगळं वाढलं."

त्या शब्दाचा अर्थ आमच्या घरात कोणाला सांगावा लागत नव्हता. आईने पदर तोंडाला लावला. मला तेव्हा मामांचा इतका कळवळा आला की मोडलेल्या लग्नाचा रागसुद्धा आठवेना.

पुढे मामा दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे हजेरी मांडायला लागले, वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, आणि कोणाच्या भिंतीकडे बघायचेही नाहीत. तो नारळ आईने त्याच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. मामा गेले, तेव्हाही तो तिथेच होता. पाणी केव्हाच आटलं होतं, उचलला की आत गोटा वाजायचा. आई दर दिवाळीला त्याच्यावरची धूळ पुसायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. वाढवायचं तिनेही कधी मनात आणलं नाही.