कोऱ्या बाजूवरचं घराणं

अन्याय झाला तो प्रज्ञावर, माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वादहाला, लातूरच्या एका क्लासच्या ऑफिसात. संचालक सरांनी तिच्या हातातला कागद वाचला, "हे तर घराण्यातच आहे म्हणा की," असं म्हणाले आणि अकरावीतल्या त्या पोरीला गादी गुंडाळून घरी जायला सांगितलं.

तो कागद ज्या बाईंनी दिला होता, त्यांच्याबद्दल मी लिहितोय. आधीच कबूल करतो, मी त्यांच्यावर जळायचो. आजही जळतो. तेव्हा पुढचं जरा सांभाळूनच वाचा.

नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत त्या बसायच्या. समुपदेशक, कंत्राटी. ज्या पोरापोरींना धास्ती बसते, ज्यांचं कशातच मन लागत नाही, त्यांच्याशी बोलायचं काम. पन्नाशीच्या, रेणापूरकडच्या. आलेल्याला आधी पाणी द्यायच्या, मग कागद पुढं ओढायच्या. बाई असली की गोल, बाप्या असला की चौकोन. आजा, आजी, मामा, आत्या. ज्याला तसाच त्रास झाला असेल त्याचा गोल किंवा चौकोन अर्धा काळा. आणि मान खाली ठेवून, पेन थांबवून एकच प्रश्न : "आणखी कोण?"

एवढं विचारून त्या गप्प. पंखा फिरत राहायचा. "आमच्या घरात असलं काही नाही बाई" म्हणणारा माणूस पाच मिनिटांत चुलत्याचं नाव सांगायचा. गप्प बसून माणूस बोलता करणारे तुम्हीही बघितले असतील. मी ह्या एकट्याच बघितल्या.

मी तिथं जायचो पत्रकं वाटायला. 'पोरांना आजारी कोण पाडतं? क्लासवाले!' असा मथळा. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. लोक त्यानं वारा घ्यायचे आणि बाकावर टाकून जायचे. दवाखान्यात कागदाची कायम बोंब, म्हणून बाईंनी तो गठ्ठाच उचलला आणि मागच्या बाजूवर लोकांची घराणी काढायला लागल्या. माझी बाजू कुणी वाचली नाही. त्यांची बाजू लोक चार घड्या घालून पिशवीच्या तळाशी जपून न्यायचे.

"काय नेते," त्या म्हणायच्या, "कागद संपत आलेत. नवीन अन्याय केव्हा छापताय?"

मला हसू यायचं नाही.

प्रज्ञा लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करत होती. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी भिंतीवर नंबरांची यादी. शनिवारपासून तिचं पोट दुखायचं, हात गार पडायचे. मग तिनं फोनवर बोलणंच सोडलं. दसऱ्याला लोह्याला घरी आली ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी तिला आणि आईला घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेलो. माझं ठरलेलं होतं : क्लास कसा छळतो ते बाईंनी लिहून द्यावं, पुढचं मी बघतो.

बाईंनी प्रज्ञाचं सगळं ऐकलं. मग कागद ओढला. "घरात असं पोट आणखी कुणाचं दुखायचं?"

"कुणाचंच न्हाई," आई म्हणाली.

पेन थांबलं.

"माझं दुखायचं," आई म्हणाली. "सातवीत. गणिताच्या तासाला. लई. शाळा तितंच सुटली."

"आणखी कोण?"

"माझा थोरला भाऊ. दोन-दोन महिने बोलायचा न्हाई कुणाशी. लोक म्हणायचे, आळशी हाय."

"आणखी कोण?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो. परीक्षेच्या दिवशी ओकायचा. आता भाषणं ठोकत हिंडतोय, पर भाषणाच्या आधी अजून बी घास उतरत न्हाई त्याला."

बाईंनी माझा चौकोन अर्धा काळा केला. प्रज्ञा कित्येक आठवड्यांनी हसली. "दादा, तू बी?"

सव्वीस वर्षं मी त्या आईचा लेक. मुलींच्या शिक्षणावरची माझी पत्रकं मी तिला वाचून दाखवली. तिची शाळा का सुटली ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि या परक्या बाईला अर्ध्या तासात सांगितलं. बहिणीला हसवायलाही यांचंच पेन लागलं. माणूस जळणार नाही तर काय करणार?

मी तडकलो. "मॅडम, जन्मावरून माणूस ठरवायची गोष्ट आम्हाला सांगू नका. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या रक्तावर बोट ठेवलंय लोकांनी. माझ्या पणज्यानं धम्म घेतला तो त्यातनं सुटायलाच."

"ते रक्त लोकांनी ठरवलेलं होतं, नेते," त्या म्हणाल्या. "हे तसं नाही. यात एकच एक दोष नसतो. शेकडो बारीक गोष्टी असतात, थोड्या आईकडनं, थोड्या बापाकडनं. सगळ्या जातींत, सगळ्या घरांत. त्यावरून पोरगं आजारी पडेलच असं कुणी सांगू शकत नाही. एवढंच कळतं, की ह्याला जरा जपा. आणि क्लास छळतो, तेही खरंच आहे. तुमचं खोटं नाही. अर्धं आहे."

अर्धं! घरी येईपर्यंत तो एक शब्द मला चावत होता.

प्रज्ञानं तो कागद भोळेपणानं लातूरला नेला. खाली बाईंनी लिहिलं होतं : टेस्टला दाराजवळ बसू द्यावं, यादीत नाव लावू नये. सरांनी ते सोडलं आणि अर्धे काळे गोल-चौकोन मोजले. पुढचं वर सांगितलंच आहे.

मी दोन दिवसांत पत्रक काढलं. त्यात क्लासला झोडपलं, आणि तळाला एक ओळ घातली : 'पोरीच्या रक्तावर शिक्का मारणाऱ्या समुपदेशक बाईही तेवढ्याच दोषी.' ही ओळ रागात लिहिलेली नव्हती. माझा राग मला ओळखू येतो. ती जळून लिहिलेली होती.

तीन दिवस क्लासच्या गेटवर उभा राहून वाटली पत्रकं. कुणाकडनं कळलं कोण जाणे, चौथ्या दिवशी बाई रजा टाकून एसटीनं आल्या. माझ्या हातातलं पत्रक घेतलं, उन्हात उभ्या राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता फाडतील.

"लांब लिहिता," म्हणाल्या. "चला आत."

आत त्या सरांना म्हणाल्या, "ज्या घरात शुगर आहे त्या घरातल्या पोराला तुम्ही रोज जिलेबी चारता का? का त्याला घरातनं हाकलता?"

"मॅडम, एवढी पोरं हायत. एकेकाचं घराणं कुठं बघत बसू?"

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "सगळ्यांचं नको. तुमच्या घरात कोण आहे?"

आणि गप्प.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यांना जरा बाहेर थांबू द्या."

दार लागलं. मी पाऊण तास बाहेर, चपलांच्या रॅकजवळ. दार उघडलं तेव्हा सरांचा चष्मा टेबलावर होता आणि ते रुमालानं तोंड पुसत होते. प्रज्ञाला जागा परत मिळाली, दाराजवळची. त्या आठवड्यापासून भिंतीवर यादी लागली नाही. कुणाचीच.

मी तीन दिवस घसा फोडला होता.

"काय बोलले आत?" बसस्टँडवर मी विचारलं.

"ते त्यांचं आहे."

"सांगा की, मॅडम."

"तुमच्या आईचं मी त्यांना सांगितलं का?"

त्या ओळीबद्दल मी माफी मागितली तेव्हा त्या गाडीत चढल्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

मार्चअखेर त्यांचं कंत्राट संपलं, ते कुणी वाढवलं नाही. खोलीत आता मोडक्या खाटा आहेत. कुणी म्हणतं त्या गावाकडं शेती बघतात, कुणी म्हणतं लेकीकडं गेल्या. फोन लागत नाही. ती जागा भरा म्हणून माझे अर्ज चालूच आहेत. मी दवाखान्यात पत्रकं वाटत असतो तिथं अजून लोक येतात, पोराचं मनगट धरून, आणि मला विचारतात, "बाई कुठं हायत?" मी म्हणतो, मला सांगा. ते मला वरपासून खालपर्यंत बघतात. "न्हाई, तसं काय न्हाई," म्हणतात आणि निघून जातात. मला बाईंसारखं थांबता येत नाही. पेन खाली ठेवायच्या आत मी बोलायला लागतो.

प्रज्ञा आता बारावीत आहे. शनिवारी पोट अजून दुखतं. तेव्हा ती आईला फोन लावते, मला नाही. "तुझं कुठं दुखायचं गं, बेंबीपाशी का वर?" दोघी पोटावर बोलत बसतात, मधूनच हसतात. मी शेजारी बसून ऐकतो. आई फोन माझ्याकडं देत नाही. पण रविवारी पोरगी टेस्टला बसते.

आता तुमच्याकडं वळतो. सोयरीक जमवताना तुम्ही छातीला हात लावून सांगता, आमच्या घराण्यात असलं काही नाही. त्यावर आपण नंतर भांडू. पण तुमचं पोरगं आत्ता पुस्तक उघडं टाकून बसलंय, आणि जगात असं फक्त आपल्यालाच होतं, असं त्याला वाटतंय. हे वाचन बंद करा. उठा. त्याच्या वयाचे असताना तुम्हाला काय व्हायचं, ते त्याच्याजवळ बसून सांगा. उद्या नाही, आज.