नाव सुंदररावांचं, पुस्तक बापूंचं

युसूफ वडगावच्या आसपासचं गाव आहे. त्याचं नाव मी सांगत नाही. सुंदररावांचं मात्र सांगतो, नाहीतर ते मला सोडायचे नाहीत. गावात जिथं म्हणून रंग धरतो तिथं हे नाव आहेच. बसथांब्यावर आहे, मारुतीच्या पायरीवर आहे, व्यायामशाळेच्या दारावर आहे. त्या व्यायामशाळेत शेळ्या बांधतात, तो भाग वेगळा. स्मशानातल्या बाकड्यावरसुद्धा 'सौजन्य: सुंदरराव, माजी उपसरपंच' असं लिहिलंय. मयतीला आलेला माणूस रडता रडता तेवढं वाचून घेतो.

हा माणूस एकदा नातीचा दाखला आणायला केजच्या कॉलेजात गेला आणि तिथं विद्यापीठाच्या प्रकाशनानं पुस्तकं मांडलेली दिसली. सुंदरराव टेबलाटेबलानं फिरले. बालाघाटातल्या गवतांवर पुस्तक. निजामाच्या काळातल्या सारावसुलीवर दोन खंड. बाजरीच्या रोगांवर एक, शिलालेखांवर एक, मराठवाडी बोलीतल्या उर्दू शब्दांचा कोश, आणि गाढवांच्या बाजारावर तर जाडजूड ग्रंथ, नकाशासकट. विकत घेणारं कुणी दिसत नव्हतं, पण त्यानं छापणाऱ्यांचं काही अडलेलं नव्हतं.

"गाढवावर तीनशे पानं हायेत," घरी येऊन ते विमलबाईंना म्हणाले, "आन माझ्यावर एक न्हाई."

"गाढवानं काम केलं असंल," विमलबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

देवाच्या मनात आलं म्हणा की विद्यापीठाच्या, त्याच वर्षी रुद्राणी मॅडम गावात आल्या. गावचा कारभार कसा चालतो याचा त्यांना अभ्यास करायचा होता, आणि पुस्तक तेच प्रकाशन काढणार होतं. सुंदररावांनी त्यांना दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर टेकू दिलं नाही. दुष्काळात टँकर मिळेना तेव्हा आपण गादी-उशी घेऊन तालुक्याच्या कचेरीत झोपायला कसे गेलो, साहेबाच्या टेबलाखाली पाय पसरून कसे घोरलो, आणि साहेबानं वैतागून टँकर कसे सोडले, हे त्यांनी रंगवून सांगितलं. ते खरंही होतं. पण बोलायच्या भरात वरच्या वस्तीसाठी आलेला पाण्याचा पाईप आपल्याच सीताफळाच्या बागेत कसा जिरला, तेही सांगून टाकलं. मॅडमनी दोन्ही सारख्याच आदरानं टिपून घेतलं.

जाताना त्या म्हणाल्या, "काका, पुस्तकात आम्ही माणसांची खरी नावं देत नाही. कुणाला त्रास नको. तुमच्यासाठी एखादं नाव तुम्हीच सुचवा."

सुंदररावांचं तोंड एवढंसं झालं. मग पाईप आठवला, आणि डोक्यात किडा वळवळला. टँकर कुणी आणले हे साऱ्या गावाला पाठ आहे. ते कुठल्याही नावानं छापलं तरी मान आपल्यालाच मिळणार. पाईपाचा चिखल मात्र ज्याचं नाव त्याच्या अंगावर उडणार.

"अभिमन्यूराव लिवा," ते म्हणाले.

अभिमन्यूराव म्हणजे त्यांचे जन्माचे वैरी, दर निवडणुकीत आडवे जाणारे. लहानथोर सगळे त्यांना बापूच म्हणत, म्हणून मॅडमना या नावाचा जिवंत माणूस चार घरं सोडून राहतो हे कळायचा प्रश्नच नव्हता. सुंदरराव त्या दिवशी एक भाकरी जास्तच जेवले.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. चन्नप्पांनी एक प्रत आपल्या किराणा दुकानात ठेवली आणि साखर तोलता तोलता ते गिऱ्हाइकांना पोथीसारखं रोज थोडं थोडं वाचून दाखवू लागले. 'अभिमन्यूराव हे विलक्षण धैर्याचे लोकनेते होत,' असं आलं की दुकानात हशा पिकायचा.

"ह्ये तर सुंदररावांचं हाय," लोक म्हणायचे.

पहिल्या दिवशी बापूही हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत, नुसती मान डोलावली. आठवडा सरता सरता ते सोबत्यांना सांगू लागले, "गादी लई जड होती बे, डोक्यावर घेऊन गेलतो."

आणि छापलेलं ते छापलेलं. जी माणसं त्या टँकरमागं घागरी घेऊन धावली होती, तीच म्हणू लागली की विद्यापीठ कशाला खोटं लिहील? बसथांब्यावर फ्लेक्स लागला, 'विद्यापीठाच्या ग्रंथाचे मानकरी', बापू गॉगल घालून. त्याखाली सुंदररावांचं रंगवलेलं नाव झाकून गेलं.

सुंदररावांचं अन्न तुटलं. बाकी सगळ्या पाट्या वर्गणीच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या पैशावर उभ्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. कचेरीतल्या फरशीवर काढलेल्या रात्री तेवढ्या अस्सल स्वतःच्या होत्या. त्याच त्यांनी आपल्या हातानं वैऱ्याच्या पदरात घातल्या होत्या. कुणालाही कीव यावी असं त्यांचं झालं होतं.

"आवो, मंग सांगा ना लोकाला, नाव तुमीच दिलतं म्हणून," विमलबाई म्हणाल्या.

"कावून दिलतं, ते बी सांगावं लागंल."

बापूंचा सत्कार ठरला. ग्रामपंचायतीपुढं मांडव पडला, बापूंच्या खांद्यावर शाल चढली, आणि चन्नप्पांना ग्रंथवाचनाला उभं केलं. बापूंनी स्वतः ग्रंथ उघडलेला नव्हता. दुकानात वाचून जिथं थांबले होते तिथून चन्नप्पांनी पुढं सुरू केलं. 'वरच्या वस्तीसाठी मंजूर झालेला पाईप अभिमन्यूरावांनी स्वतःच्या फळबागेकडे वळवला. वस्तीतील स्त्रिया आजही दुरून पाणी आणतात.' ते भोळेपणानं वाचत होते की मुद्दाम, हे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

वरच्या वस्तीची वनमाला उठून उभी राहिली. "बापू, आमचा पाईप कवा देता?"

"तो मी न्हाई," बापू गडबडले. "तो सुंदररावाचा कारभार हाय. मला बाग तरी हाय का?"

"मंग टँकर कुणाचे?"

बापूंनी खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेतली. मांडवातल्या सगळ्या माना मागं वळल्या. सुंदरराव शेवटच्या खुर्चीवर बसले होते. गप्प बसलं तर बाग वाचत होती, आणि टँकर कायमचे बापूंचे होत होते. ते उठले.

"टँकर म्या आणले. गादी माझी होती. वापस आली तवा तिच्यात ढेकणं झालती, इमलला इचारा."

"आन पाईप?" वनमालानं विचारलं.

सुंदररावांनी बायकोकडं पाहिलं. विमलबाईंनी पदर सारखा केला. मदत काही केली नाही.

"पाईप बी म्याच वळवला. आन पुस्तकात बापूचं नाव बी म्याच घातलं."

बापू इतक्या चपळाईनं आयुष्यात कधी उठले नव्हते. अंगावरची शाल काढून त्यांनी सुंदररावांच्या खांद्यावर टाकली, वर नारळही दिला. "घे बे, तुझं तुला."

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या बायका कुदळी घेऊन बागेत शिरल्या. पाईप जमिनीखाली कुठं वळवलाय हे फक्त सुंदररावांनाच माहीत होतं, त्यामुळे तेच बांधावर उभं राहून बोटानं दाखवत होते. मग त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम आधी चांगल्याच रागावल्या, मग म्हणाल्या की दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू. विद्यापीठाच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती पाहिलेला माणूस आमच्याकडं अजून जन्मायचा आहे.

वस्तीवर नळ सुरू झाला तेव्हा सुंदरराव रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन हजर झाले. टाकीच्या भिंतीवर त्यांनी 'सौजन्य' एवढं लिहिलं आणि मागून वनमालाचा आवाज आला.

"लिवा दादा. पन पुरतं लिवा."

सुंदररावांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. रंग कोपरापर्यंत ओघळला. मग त्यांनी 'सौजन्य' पुसलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'हा नळ सुंदररावांनी चोरला होता. त्यांनीच परत केला.'

वनमालानं वाचून मान हलवली आणि घागर नळाखाली लावली. सुंदरराव दोन पावलं गेले, परत आले, आणि खाली थोडी जागा उरली होती तिथं 'माजी उपसरपंच' असं लिहून टाकलं.