टॉमवाल्यांसाठी माईक

कोणतीही वस्तू घेण्याआधी ते तिच्यावर दोन बोटांनी ठोका मारून बघत. टरबूज, पाण्याची टाकी, आमच्या घराचं नवं दार. "घुमलं पायजे, साहेब," हा त्यांचा एकमेव निकष. दार छान घुमलं तेव्हा ते खूश झाले; माझा मात्र सुतारावरचा विश्वास उडाला.

नगरमध्ये ते आमच्याच गल्लीत राहत आणि एका बेंजो पार्टीत, म्हणजे वरातीपुढे टेम्पोवर वाजणाऱ्या ताफ्यात, ड्रमसेट वाजवत. सेटमध्ये ते लहानमोठे, पोटातून बोलणारे ढोल असतात ना, टॉम, त्यांच्यावर यांचा जीव. गल्ली त्यांना टॉमवाले म्हणे. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आडनाव कुणाला ठाऊक नसतं आणि घर सगळ्यांना माहीत असतं.

एकदा पार्टीच्या मालकाने जाहीर केलं की यंदाच्या लग्नसराईपासून ऑक्टापॅड. सपाट रबरी चौकोनांवर काठी मारली की आत भरलेला आवाज निघतो. सेट चढवण्या-उतरवण्याची कटकट नाही, वाजवायला घरचाच भाचा. म्हणजे टॉमवाल्यांचं काम जाणार होतं.

"रबराचा आवाज आन् टॉमचा आवाज येकच हाय का? रेकॉर्डिंग करून ऐकवतो, मग ठरवा," असं मालकाला सांगून ते थेट माझ्याकडे आले.

यात त्यांची चूक नव्हती. वर्तमानपत्राची नोकरी सोडल्यापासून मी घरीच रोजचं बातमीपत्र ध्वनिमुद्रित करतो. मला माईकमधलं कळतं, ही बातमी खातरजमा न करता मीच पसरवली होती.

टॉमपुढे लावायला खिशाला झेपतील असे माईक शोधायला आम्ही दुकानात गेलो. दुकानदार एकेक माईक पुढे करत होता. मी प्रत्येकात "नमस्कार, ठळक बातम्या" म्हणालो. त्यांनी प्रत्येकात "हॅलो, हॅलो" करून फुंकर मारली. एका नाजूक माईकमध्ये माझा आवाज इतका भारदस्त आला की मी तोच पसंत केला.

"घ्या, सगळे हाच नेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळे म्हणजे?"

"निवेदक."

तरीही आमच्या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरी पहिल्याच ठोक्याला माईक फाटक्या आवाजात ओरडला. त्यात शेजारचा कुकर आला, रिक्षाचा हॉर्न आला, माझा खोकला आला. टॉम तेवढा आला नाही. मुख्य बातमी सोडून बाकी सगळं छापलेल्या अंकासारखं ते रेकॉर्डिंग होतं.

"कुकर लई भारी घुमलाय," टॉमवाले म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ते टॉम स्कूटरवर घालूनच निघाले. दुकानात काउंटरवर ठेवला आणि वाजवायला लागले. गिऱ्हाईकं जमली. वैतागलेल्या दुकानदाराने सवलतीची जाहिरात करायचा स्वतःचा जाड माईक उचलला. जाळी चेपलेला, दुकानातला सगळ्यात स्वस्त प्रकार. "अहो बास! बास करा!" म्हणत तो माईकसकट टॉमवर हात ठेवायला वाकला, त्याच वेळी ठोका पडला. बाहेरच्या स्पीकरमधून असा टॉम निघाला की रस्त्यावरचा भेळवालासुद्धा वळून बघायला लागला.

"ह्योच!" टॉमवाले म्हणाले. आम्ही तसलेच माईक घेतले.

मग मी शिस्त दाखवली. टॉमवाले म्हणत होते, "पुरं गानं वाजवू द्या की." मी म्हणालो, आधी प्रत्येक टॉमचा एकेक ठोका सुटा घेऊ. हलका, मध्यम, जोरदार. दोन ठोक्यांमध्ये पूर्ण शांतता. गाण्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. काम इतकं नेटकं झालं की मालकाने ऐकताक्षणी मला मिठी मारली.

त्याने ऑक्टापॅड घेतला आणि माझे नेटके, सुटे ठोके त्यात भरले. एक गाणं असतं तर ते भरता आलं नसतं.

मी टॉमवाल्यांना भेटायला गेलो. त्यांनीच विचारलं, "आवाज माझाच भरलाय ना? दुसऱ्या कुनाचा न्हाई?"

"तुमचाच."

"मग ऱ्हाऊ द्या. च्या घेता का?"

पुढे त्यांनी सुप्याला एका कारखान्यात काम धरलं आणि बिऱ्हाडही तिकडेच नेलं.

परवा गल्लीतल्या वरातीआधी मालकाचा भाचा ऑक्टापॅड लावून एकेक चौकोन तपासत होता. मला बघून म्हणाला, "साहेब, तेवढं काढून द्या ना. जोराच्या ठोक्याला मागं कोन तरी कन्हतंय."

त्याने पुन्हा काठी मारली. मी कान दिला. ठोक्याच्या मागे, सगळं बळ हातात आणताना माणूस सोडतो तसा, "हं" एवढाच आवाज.

"नाही निघत ते," मी म्हणालो.

निघालं असतं.