आठ सोमवार तुमचे

आमच्या काकीशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अख्ख्या इतवारी पेठेत पाहिला नाही. ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, एवढाच तिचा प्रश्न असायचा, पण समोरचा गार व्हायचा.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. मग काय, ज्याला त्याला वैद्यकी सुचायची. आजीने, म्हणजे तिच्या सासूने, सोळा सोमवार सांगितले. पहिला सोमवार उजाडताच काकीने काकांसमोरचं ताट उचललं. “आठ तुमचे, आठ माये. लेकरू दोघाईचंच होणार हाय नं!” काका दिवसभर कापडाच्या दुकानात उपाशी बसून गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. असा वाटून घेतलेला उपास देवाला पोचत नाही, असं आजी म्हणाली. “काहून? देवाले बेरीज येत नाही काय?”

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पण तिथलं पाणी प्यायलेली सून आजीला चुलीपाशी चालणार नव्हती. काकी घरून पाण्याचा तांब्या घेऊन गेली. बाईंनी तपासून सांगितलं, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला सरकारी दवाखान्यात दाखव. काका भडकले. पुरुषाने असल्या कामासाठी डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

आजीकडे एक शेवटचा उपाय होता, दुसरी सून. काटोलकडचे एक गृहस्थ मुलीचं बोलणं करायला आले. पोहे काकीनेच पुढे ठेवले. “मामाजी, बैल घेतानी दात पाहता नं? मंग जावयाले तपासल्याबिगर पोरगी काहून देऊन राहिले?” पाहुण्यांनी पोह्यांना हात न लावता पागोटं उचललं. मी तेव्हा परकरात होते, दाराआड उभी राहून मनातल्या मनात टाळ्या पिटत होते.

त्यानंतर काका मुकाट्याने तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर काय म्हणाला, असं आजीने विचारलं, तेव्हा ते पाय धुवायला मोरीत गेले. काकी म्हणाली, “दोघाईतही थोडं थोडं कमी हाय. दुसरी आणूनही भागणार नाही. आता औषधं बंद.”

लोकांनी त्यातला तिच्या वाट्याचा दोष तेवढा खरा धरला. डोहाळजेवणांना बायका तिला बोलावेनाशा झाल्या. “बरं झालं, गोडधोडानं पोट बिघडते मायं,” असं म्हणून ती हसायची. मला त्या बायकांचा राग यायचा, अजूनही येतो.

ती काकांच्या आधी गेली. हिरवं लुगडं नेसवून झालं, आणि पहिली ओटी कोणी भरायची म्हणून लेकुरवाळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. काका घरातली गोष्ट कधी चारचौघांत काढणारे नव्हते. ते उठले.

“खोट मायात होती, सारीच्या सारी. इनं अर्धी सोताच्या अंगावर घेतली. भरा वं तिची ओटी!”

बायका आणखीच मागे सरकल्या. माझं बाळ कडेवर होतं. ते कोणाकडेही न देता मी पुढे झाले आणि पहिली ओटी भरली.